मोटारसायकल तपासणी, निघण्यापूर्वीची

मोटारसायकल किंवा स्कूटर रस्त्यावर काढण्याआधी चालवणाऱ्याने स्वतः, अवजारांशिवाय, जागेवरच केलेली पाहणी. हवा, ब्रेक, चेन, दिवे, रेस व क्लचच्या केबली, ऑइल, पेट्रोल आणि स्टँड एवढा तिचा आवाका. रोजच्या गाडीला दोन-तीन मिनिटे पुरतात. सर्व्हिसिंगशी तिची गल्लत करू नये. सर्व्हिसिंग किलोमीटर मोजून होते, ही तपासणी दर वेळी निघताना. अमेरिकेतील मोटारसायकल सेफ्टी फाउंडेशन (स्थापना १९७३) ती ‘टी-क्लॉक्स’ नावाच्या सहा गटांच्या यादीने शिकवते. पुण्यात असे नाव कुणी घेत नाही. ‘हवा बघ, ब्रेक बघ’ एवढ्यावर भागते, आणि तेवढे केले तरी पुष्कळ झाले.

पुण्यात या तपासणीची गरज स्वारगेटला ठळक दिसते. जेधे चौकाभोवती एसटीचे स्थानक, पीएमपीचा आगार आणि २९ सप्टेंबर २०२४ पासून भुयारी मेट्रोचे स्थानक आहे. इथे गाडी लावून माणसे बसने गावी जातात आणि दोन-चार दिवसांनी परततात. दरम्यान शेजारची गाडी काढताना कुणीतरी आपली सरकवलेली असते, आरसा फिरलेला असतो, ब्रेकची कांडी वाकलेली असते. हळू पंक्चर असेल तर टायर बसलेला असतो. उन्हापावसात उभ्या गाडीची चेन कोरडी पडते. परतलेला माणूस घाईत किल्ली लावतो आणि थेट सातारा रस्त्याच्या गर्दीत शिरतो. पुढे पाच-सहा किलोमीटरवर कात्रज आणि त्यापुढे घाट. एसटीची गाडी आगारात देखभाल होऊन फलाटावर लागते. तिच्या शेजारून बाहेर पडणाऱ्या दुचाकीकडे मालकाखेरीज कुणीही पाहिलेले नसते.

पाहणीची सुरुवात टायरपासून करावी. हवा टायर थंड असताना मोजायची. गाडी तापल्यावर दाब वाढलेला दिसतो आणि फसगत होते. रोजच्या वापराच्या बहुतेक मोटारसायकलींना पुढे साधारण २५ आणि मागे २८ पीएसआय लागते, मागे कुणी बसणार असेल तर मागच्या चाकात आणखी. नेमका आकडा स्विंगआर्मवर, चेनकव्हरवर किंवा पुस्तिकेत छापलेला असतो. तोच खरा, हवावाल्याच्या अंदाजाचा नव्हे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे दुचाकीच्या टायरची नक्षी किमान ०.८ मिलिमीटर खोल हवी. खाचांमध्ये झीज दाखवणारे छोटे उंचवटे असतात. नक्षी त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. बाजूवर कोरलेल्या चार अंकांत टायरचा जन्म कळतो : २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत पण रबर तडकलेले, असे टायर कमी चालवलेल्या जुन्या गाड्यांवर हमखास सापडतात.

ब्रेक दोन्ही वेगवेगळे तपासायचे. गाडी हाताने दोन पावले ढकलून आधी पुढचा, मग मागचा दाबून पाहावा. डिस्कची कांडी स्पंजासारखी दबली तर तेलात हवा शिरली आहे. ब्रेक ऑइल बाहेरची आर्द्रता शोषते, म्हणून टाकीतली पातळी ठीक असली तरी ते ठरावीक काळाने बदलावेच लागते. ड्रम ब्रेकला पायपट्टी फार खोल जात असेल तर लायनर झिजले आहेत किंवा नट आवळायला झाले आहे. १ एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या १२५ सीसीवरील दुचाकींना एबीएस बंधनकारक आहे. त्याचा दिवा किल्ली फिरवल्यावर लागतो आणि गाडी थोडी चालल्यावर विझतो; तो विझला नाही तर साधा ब्रेक लागेल, पण चाक जाम होऊ न देण्याची सोय मिळणार नाही. कात्रज उतरताना हे लक्षात असावे, आणि उतारावर ब्रेक सतत धरून ठेवण्यापेक्षा खालच्या गिअरवर भर द्यावा.

चेन इंजिन बंद ठेवूनच पाहावी. मधोमध वर-खाली दाबल्यावर बहुतेक गाड्यांत दोन-तीन सेंटिमीटर हलायला हवी. रेस सोडल्यावर मूठ आपोआप मागे यावी, हँडल दोन्ही टोकांना वळवले तरीही. ब्रेकच्या दिव्याला पुढच्या कांडीचे आणि पायपट्टीचे स्विच निराळे असतात, त्यातला एक बंद असलेल्या गाड्या रोज दिसतात. मागे हाताचा तळवा धरून दोन्ही तपासता येतात. हेडलाइट दिवसाही चालू राहण्याची सक्ती १ एप्रिल २०१७ पासून आली, पण बल्ब उडाला तर उन्हात चालवणाऱ्याला कळतही नाही. शेवटी साइड स्टँड वर आणि डिस्क लॉक काढलेले.

खंडेनवमीला, दसऱ्याला गाड्या धुऊन पूजा होते, हँडलवर झेंडूची माळ चढते. श्रद्धा आपल्या जागी. पण सैल दोरा रेसच्या केबलीत किंवा पुढच्या चाकात गुंतू शकतो, आणि नुकत्या धुतलेल्या गाडीचे ओले ब्रेक पहिल्या काही दाबांना कमी लागतात. माळ आखूड आणि घट्ट बांधावी.

मागे बसणाऱ्याचाही विचार या तपासणीत येतो. नियम १२३ प्रमाणे धरायला मूठ, पाय ठेवायला फुटरेस्ट आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारी जाळी हवी. ‘साडी गार्ड’ म्हणून ओळखली जाणारी ही जाळी गाडी देखणी दिसावी म्हणून काढून टाकण्याची हौस पुण्यात मुबलक आहे. पदर, ओढणी, रेनकोटचे टोक यांना चाकापासून वाचवणारी ती एकच वस्तू आहे. देखणेपणाचा हिशेब इथे साफ चुकतो.

खासगी दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षे चालते आणि तोवर आरटीओत गाडी दाखवावी लागत नाही. पीयूसी केंद्र धूर तपासते, ब्रेक नव्हे. चौकातला पोलीस मुख्यतः हेल्मेट आणि कागदपत्रे पाहतो. यंत्राची जबाबदारी मात्र कायद्याने चालवणाऱ्यावरच टाकली आहे : मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १९० (१) नुसार धोकादायक दोष असलेली गाडी रस्त्यावर आणणे हा गुन्हा आहे, आणि तो दोष माहीत नव्हता एवढे सांगून सुटका होत नाही, साधी काळजी घेतली असती तर कळला असता, एवढे पुरेसे ठरते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी दीड हजार रुपयांपर्यंत दंड आहे. त्या दोषामुळे अपघात होऊन कुणाला इजा झाली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही.