सरळ वंशज

एखाद्या मूळ पुरुषापासून किंवा स्त्रीपासून, मधली एकही पिढी न तुटता, थेट खाली आलेल्या व्यक्तीस सरळ वंशज म्हणतात. मुले, नातवंडे, पतवंडे व खापरपतवंडे या रेषेत येतात. चुलते, पुतणे आणि चुलतभाऊ त्याच पूर्वजाचे असले तरी ते बाजूच्या शाखांत मोडतात.

पिढी मोजण्याची रीत मात्र सर्वत्र एक नाही. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ प्रमाणे प्रत्येक पिढीची एक पायरी धरतात, म्हणून आजोबा दुसऱ्या पायरीवर येतात. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ मध्ये सपिंड नाते, म्हणजे विवाहास वर्ज्य मानलेले जवळचे रक्ताचे नाते, ठरविताना मोजणी स्वतःपासून सुरू होत असल्याने तेच आजोबा तिसऱ्या पिढीत गणले जातात. याज्ञवल्क्यस्मृतीवरील विज्ञानेश्वराच्या ‘मिताक्षरा’ टीकेत सपिंडतेची मर्यादा पित्याकडून सात व मातेकडून पाच पिढ्यांची आहे. १९५५ च्या कायद्याने ती पाच व तीन केली.

आडनावावरून वंश जुळतो असे वाटू शकते; उदाहरणार्थ, शिरूर तालुक्यातील मांडवगण फराटा या गावाच्या नावातच फराटे हे आडनाव गुंफलेले आहे आणि त्यामुळे श्रीगोंदे तालुक्यातील मांडवगणापासून ते वेगळे ओळखता येते. तथापि समान आडनाव किंवा एकच भावकी एवढ्याने सरळ वंश सिद्ध होत नाही. त्यासाठी मूळ पुरुषापासून हयात व्यक्तीपर्यंत प्रत्येक पिढीचे नाव जोडून दाखविणारी वंशावळ लागते, जिला जुन्या दप्तरांत कुर्सीनामा असेही म्हणत. पाटीलकी वंशपरंपरेने चालत असल्याने वतनाच्या तंट्यांत थोरली पाती कोणती व धाकटी कोणती, हे अशाच वंशावळींवरून ठरविले जाई. १ जानेवारी १९६३ पासून महाराष्ट्रात वंशपरंपरागत मुलकी पाटीलकी संपली, तरी वंशावळीची गरज संपली नाही. मराठवाड्यातील कुणबी नोंदींच्या संदर्भात २०२३ मध्ये ती पुन्हा चर्चेत आली.

जुन्या वंशावळींचा मोठा दोष असा, की त्यांत बहुधा मुलगेच नोंदले जात आणि रक्ताने तितक्याच थेट वंशज असलेल्या लेकी गाळल्या जात. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला जन्मतः हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ मध्ये केली. केंद्राची तशीच दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली, आणि हा हक्क जन्मानेच मिळत असल्याने त्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात दिला. त्यामुळे शेतजमिनीच्या वारसनोंदीसाठी, म्हणजे गाव नमुना सहा-क साठी, दिल्या जाणाऱ्या वंशावळीत सासरी गेलेल्या लेकीचे नाव वगळणे ही केवळ जुनी रूढी उरत नाही, तर एका वारसाचा हक्क दडविणे ठरते.