जामखेड परिसरातील बाललसीकरण : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रास्ताविक :

मराठीत ‘देवी’ हे रोगाचे नाव आहे आणि ‘देवी काढणे’ म्हणजे त्या रोगाची लस टोचणे. रोग, श्रद्धा आणि प्रतिबंध असे एकाच शब्दात नांदत असलेल्या समाजातील लसीकरणाचा इतिहास केवळ शासकीय तक्त्यांवरून उलगडत नाही. १४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचण्यात आली. भारतातील ही पहिली यशस्वी लस मानली जाते. त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी, १९७० मध्ये, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड येथे समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. प्रकल्पाच्या नोंदीनुसार १९७१ मध्ये परिसरातील पाच वर्षांखालील बालकांपैकी त्रिगुणी व पोलिओ लस मिळालेल्यांचे प्रमाण ०.५ टक्के होते. दर हजार जन्मांमागे १७६ अर्भके दगावत.

जामखेडचा प्रयोग :

आरंभीची वर्षे दुष्काळाची होती. लोकांची मागणी पाण्याची व अन्नाची होती, लसीची नव्हे. आरोळे दांपत्याने ती मान्य करून कूपनलिका व बालकांचा आहार यांपासून कार्यारंभ केला. अनेक कूपनलिका दलित वस्तीत खोदल्या गेल्या, त्यामुळे इतर जातींनाही पाण्यासाठी तेथे यावे लागले. लसीकरणाच्या इतिहासात ही घटना अप्रस्तुत वाटेल. प्रस्तुत लेखकाच्या मते ती त्याचा पायाच आहे.

गावात बाहेरून नेमलेल्या परिचारिकांचा प्रयोग मात्र फसला. त्यांच्या जागी गावाने निवडलेल्या, बहुधा निरक्षर व अनेकदा दलित समाजातील स्त्रियांना ग्राम आरोग्यसेविका म्हणून प्रशिक्षण देण्यात आले. गोवर हा देवीचा कोप मानणाऱ्या आईशी तिच्याच भाषेत बोलणे त्यांना साधले. १९७६ पर्यंत लसीकरण ८१ टक्क्यांवर पोहोचले व अर्भकमृत्युदर ५२ पर्यंत उतरला. हे आकडे प्रकल्पाचे स्वतःचे आहेत, हे भान ठेवूनही बदलाची व्याप्ती नाकारता येत नाही. विशेष म्हणजे भारत सरकारचा विस्तारित लसीकरण कार्यक्रम १९७८ चा आणि सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम १९८५ चा आहे.

राज्याचे चित्र :

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण १२ ते २३ महिन्यांच्या बालकांचे संपूर्ण लसीकरण मोजते, म्हणजे क्षयरोगाची व गोवराची प्रत्येकी एक आणि त्रिगुणी व पोलिओच्या प्रत्येकी तीन मात्रा. हा निकष जामखेडच्या नोंदींहून वेगळा असल्याने दोहोंची थेट तुलना करता येत नाही. परंतु राज्याचा आलेख चिंतनीय आहे. महाराष्ट्रात हे प्रमाण १९९८-९९ मध्ये सुमारे ७८ टक्के होते. २००५-०६ मध्ये ते सुमारे ५९ व २०१५-१६ मध्ये सुमारे ५६ टक्क्यांपर्यंत घसरले. याच काळात देशाचे प्रमाण ४२ वरून ६२ टक्क्यांवर गेले. प्रगत म्हणवणाऱ्या राज्याची ही पीछेहाट अभ्यासकांनी पुरेशी गांभीर्याने घेतलेली दिसत नाही. लसीकरण एकदा साध्य झाले की टिकून राहते, हे गृहीतक येथे कोसळते. दरवर्षी जन्मणाऱ्या प्रत्येक बालकापाशी ते काम पुन्हा पहिल्यापासून करावे लागते.

२००५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने ‘आशा’ कार्यकर्ती गावोगावी आणली. तिच्यात जामखेडच्या आरोग्यसेविकेची छाया स्पष्ट दिसते, मात्र तिचे मानधन बऱ्याच अंशी कामागणिक ठरत आले आहे. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात महाराष्ट्र सुमारे ७३ टक्क्यांपर्यंत सावरला. तरीही तो ७६ टक्क्यांच्या राष्ट्रीय सरासरीखालीच राहिला.