कुत्र्याचे केस आणि व्हॅक्यूम क्लीनर

लोणारचें नांव निघालें कीं आकाशांतून आलेल्या अशनीच्या आघातानें झालेलें तें विवर, त्याच्या तळाशीं असलेलें खारें सरोवर आणि गांवांतलें दैत्यसूदनाचें देऊळ, एवढेंच बहुधा डोळ्यांपुढें येतें. परंतु अबुल फजलच्या ‘ऐन-ए-अकबरी’ ग्रंथांत वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनांत या स्थळाचा जो उल्लेख आहे, त्यांत कांच व साबण करण्यास लागणारीं द्रव्यें येथें मिळतात, असेंही नमूद केलेलें आहे. उन्हाळ्यांत पाणी ओसरलें म्हणजे कांठावर क्षार सुटे. त्याच्या निरनिराळ्या प्रतींना दल्ला, पापडी अशीं नांवें होतीं. म्हणजे मळ काढण्याचें एक साधन लोणारनें चारशें वर्षांपूर्वींच पुरविलें होतें. मात्र क्षारानें मळ सुटतो, केर सुटत नाहीं. केराचा इतिहास निराळा आहे, आणि ज्या घरांत केस गाळणारें कुत्रें आहे, तेथें त्याचें नवें पान रोज सकाळीं उघडतें.

वऱ्हाडांतल्या जुन्या घराची जमीन मातीची असे व ती शेणानें सारवीत. शिंदीच्या पानांची केरसुणी हें तेथलें एकच यंत्र. तिला लक्ष्मी मानून दिवाळींत लक्ष्मीपूजनाच्या दिवशीं हळदकुंकू वाहण्याची चाल अद्याप आहे. सारवलेल्या जमिनीचा एक गुण मात्र फारसा कोणी ध्यानांत घेत नाहीं. तिच्या खरखरीत पृष्ठाला बारीक धूळ व केस चिकटून राहत, आणि दर सारवणीबरोबर त्यांवर नवा थर बसे. शिवाय कुत्र्याचें स्थान तेव्हां अंगणांत होतें. खंडोबाच्या पायाशीं आणि दत्तात्रेयाच्या भोवतीं त्याला मान मिळाला. भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागें नामदेव तुपाची वाटी घेऊन धांवले, ही कथाही घरोघरीं सांगितली गेली. पण कथा ऐकणाऱ्यांनीं त्या कुत्र्याला माजघरांत घेतलें असें मात्र झालें नाहीं.

पुढें दोन गोष्टी पालटल्या. मातीच्या जागीं शहाबादी फरशी आली, मग मोझाइक, मग गुळगुळीत चकचकीत टाइल्स. आणि कुत्रें उंबरठा ओलांडून आंत आलें, तें थेट गादीवर जाऊन बसलें. तेंही बहुधा या मातींतलें नव्हे. आपल्या मुलखांतले कारवानी व मुधोळचे शिकारी कुत्रे आंखूड, पातळ केसांचे. लॅब्राडोर आणि जर्मन शेफर्ड या जाती थंड प्रदेशांतल्या. त्यांच्या अंगावर वर राठ केस आणि खालीं मऊ लोंकर असा दुहेरी थर असतो. ऋतु पालटला म्हणजे ही आंतली लोंकर पुंजक्यापुंजक्यांनीं गळते. गुळगुळीत फरशीवर केरसुणी फिरविली कीं तिच्या वाऱ्यानेंच ती पुढें पळते व कपाटाखालीं जाऊन बसते. कमरेंत वांकून झाडणारी गृहिणी पाठ फिरविते न फिरविते तोंच ती परत बाहेर येते. हे श्रम कोणाच्या वांट्यास येतात हें सांगणें नको.

केर लोटण्याऐवजीं ओढून घ्यावा, ही कल्पना इंग्लंडांत १९०१ सालीं हबर्ट सेसिल बूथ नांवाच्या अभियंत्यानें सिद्धीस नेली. हवेच्या झोतानें धूळ उडविणारें एक यंत्र त्याच्या पाहण्यांत आलें होतें. उडालेली धूळ पुन्हां खालींच बसते, हें ओळखून त्यानें खुर्चीच्या गादीवर रुमाल ठेवला व तोंडानें हवा ओढून पाहिली. रुमालाच्या खालच्या अंगास धुळीचा डाग उमटला. त्याचें यंत्र घोड्यांनीं ओढावयाच्या गाडीएवढें होतें. तें रस्त्यावर उभें राही, आणि त्याच्या लांब नळ्या खिडक्यांतून दिवाणखान्यांत जात. १९०२ सालीं सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणसमारंभासाठीं वेस्टमिन्स्टर ॲबेंतले गालिचे त्यानेंच स्वच्छ केले.

सामान्य घरांत हें यंत्र आलें तें मात्र एका झाडूवाल्यामुळें. अमेरिकेंत ओहायओ संस्थानांतील कँटन गांवीं जेम्स मरे स्पँगलर हा वृद्ध गृहस्थ एका दुकानांत झाडलोटीचें काम करी. त्याला दमा होता, आणि झाडूनें उडणारी धूळ त्याचा जीव घाबरा करी. १९०७ सालीं त्यानें पंख्याची मोटर, फिरता ब्रश, झाडूचा दांडा आणि धूळ सांठविण्यास उशीचा अभ्रा, इतक्या सामग्रीवर यंत्र उभें केलें. दुसऱ्या वर्षीं त्याचें पेटंट चामड्याच्या वस्तूंचा व्यापार करणाऱ्या हूव्हर घराण्याकडे गेलें आणि यंत्राला त्या घराण्याचें नांव मिळालें. ज्याच्या श्वासांतून ही युक्ति जन्मली त्याचें नांव लोक विसरले. शोधांच्या इतिहासांत हा प्रकार नवा नाहीं.

येथें एक भेद ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. हूव्हरच्या पंथाचें यंत्र गालिच्यासाठीं जन्मलें. त्याचा फिरता ब्रश गालिचा बडवून धूळ सुटी करतो. स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्स कंपनीनें १९२१ सालीं निराळें रूप दिलें: जमिनीवर घसटत येणारें लांबट नळकांडें, त्यास लवचिक नळी, आणि नळीच्या टोंकाला हवें तें तोंड. हिंदुस्थानांत या यंत्राचा घरोघर प्रसार केला तो १९८२ सालीं स्थापन झालेल्या युरेका फोर्ब्सनें, आणि तिच्या स्थापनेंत इलेक्ट्रोलक्सचा वांटा होता. विक्रेता दारीं येई, पिशवी उघडी, आणि स्वच्छ समजलेल्या गादींतून मूठभर धूळ काढून गृहिणीस लाजवी. अशा रीतीनें आपल्याकडे स्वीडिश पंथ रूढ झाला, आणि उघड्या फरशीच्या देशांत तोच अधिक सोयीचा.

लोणारच्या घरांत कुत्रें आहे, फरशी गुळगुळीत आहे आणि गालिच्याऐवजीं सतरंजी व गाद्या आहेत, असें धरलें तर निवड याच इतिहासावरून करतां येते. फरशीसाठीं मऊ केसांचें रुंद तोंड घ्यावें. राठ ब्रश वेगानें फिरला तर केस ओढले जाण्याऐवजीं दूर फेंकले जातात, आणि जे सांपडतात ते ब्रशाच्या रुळाभोंवतीं सुतासारखे गुंडाळले जाऊन तो जाम होतो. गादी, कोच व सतरंजी यांची गोष्ट उलट आहे. त्यांत रुतलेला केस नुसत्या हवेनें निघत नाहीं. तेथें मोटरीवर फिरणारा लहान ब्रश हवाच. तेव्हां दोन्ही तोंडें मिळतात कीं नाहीं आणि रूळ हातानें काढून साफ करतां येतो कीं नाहीं, हें पाहणें वॅटच्या आंकड्याहून महत्त्वाचें. वॅट म्हणजे यंत्र किती वीज खातें तें, किती ओढतें तें नव्हे. युरोपीय संघानें घरगुती व्हॅक्यूम क्लीनरची मर्यादा २०१४ सालीं १६०० व २०१७ सालीं ९०० वॅट ठरविली, तरी तिकडचीं घरें कांहीं केरानें भरून गेलीं नाहींत.

ज्या घरांत एखादें मूल दम्यानें धापा टाकतें, तेथें प्रश्न याहून कठीण असतो, कारण तेथें कुत्रें ठेवावें कीं द्यावें, हा वाद उभा राहतो. त्रास देणारा पदार्थ केसांत नसून मुख्यतः लाळेंत व कातडीच्या कोंड्यांत असतो. केस हें त्याचें वाहन. हा कोंडा इतका हलका कीं तो तासन्‌तास हवेंत तरंगतो. साधें यंत्र केस गिळतें आणि कोंडा मागच्या भोंकांतून खोलीभर उडवितें, म्हणजे स्पँगलरच्या झाडूचीच ती आवृत्ति. यावर उपाय हेपा गाळणीचा. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेच्या अणुबाँबच्या कामांत किरणोत्सर्गी कण अडविण्यासाठीं अशा गाळण्या प्रथम तयार झाल्या, आणि ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडविणें ही त्यांची कसोटी आहे. मात्र गाळणी उत्तम आणि यंत्राचे सांधे फटींचे, तर पैसा वायां गेला. यंत्रानें दमा बरा होतो असें मात्र कोणीं सांगूं नये. तो वैद्याचा विषय.

पिशवीचें यंत्र कीं डब्याचें, हा वादही जुना होत चालला. इंग्लंडच्या जेम्स डायसननें ५१२७ नमुने करून पाहिले आणि १९९३ सालीं आपल्या नांवाचें बिनपिशवीचें यंत्र बाजारांत आणलें. त्यांत हवा भोंवऱ्यासारखी फिरून केर डब्यांत पडतो. पिशवीचा खर्च वांचतो हें खरें, पण डबा रिकामा करितांना कोंड्याचा ढग तोंडावर येतो. दम्याचें माणूस घरांत असल्यास पिशवीच बरी. नसल्यास डबा, आणि तो अंगणांत रिकामा करावा. बेसाल्टाच्या खडकापासून झालेली आपली काळी माती वाळली म्हणजे पिठासारखी बारीक होते व गाळणी लौकर बुजविते. धुण्याजोगी गाळणी धुवावी, पण पुरती वाळल्यावांचून बसवूं नये.

अलीकडे आपोआप फिरणारीं चपटीं यंत्रें निघालीं आहेत. तीं रोजचे सुटे केस टिपण्यास ठीक, पण जुन्या घराचा उंबरठा त्यांना ओलांडवत नाहीं. आणि कुत्र्याच्या पिल्लानें घरांत घाण केली असतां तें यंत्र ती इमानानें सर्व खोल्यांत नेऊन पोंचवितें. यंत्र कोणतेंही असो, गळतीच्या दिवसांत कुत्र्यास अंगणांत नेऊन रोज कंगव्यानें विंचरलें, तर निम्मा केर घरांत येतच नाहीं. आणि खरेदीच्या वेळीं विक्रेत्यानें आणलेल्या भुकटीवर प्रयोग पाहूं नये. कुत्रें ज्या सतरंजीवर निजतें तीच त्याच्यापुढें पसरावी आणि तीन फेऱ्यांत किती केस उरतात तें मोजावें.