गुडघ्याचे अस्थिबंध तुटल्यावर स्नायू दुबळे का होतात?

३० डिसेंबर २०२२ रोजी रुडकीजवळ झालेल्या मोटार अपघातात क्रिकेटपटू ऋषभ पंत याच्या उजव्या गुडघ्याचे अस्थिबंध, म्हणजेच लिगामेंट, फाटले. जानेवारी २०२३ मध्ये मुंबईच्या कोकिलाबेन धीरूभाई अंबानी रुग्णालयात त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली. त्याच महिन्याच्या २१ तारखेला रायपूरमध्ये भारत आणि न्यूझीलंड यांच्यात त्या शहरातील पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला. पंत अर्थातच संघात नव्हता. तो मैदानावर परतला मार्च २०२४ मध्ये. शस्त्रक्रिया काही तासांची असते, मग पुनरागमनास वर्षाहून अधिक काळ का लागावा?

अस्थिबंध ही केवळ हाडे बांधून ठेवणारी दोरी नव्हे. त्यात ताण व हालचाल टिपणारी सूक्ष्म संवेदनाग्रे असतात. गुडघा किती वाकला, कोणत्या दिशेने सरकला, याची वार्ता ती मज्जारज्जूकडे पाठवितात आणि त्यानुसार मांडीचे स्नायू क्षणार्धात आवळले जातात. अस्थिबंध तुटला की ही वार्ता खंडित होते. डोळे मिटून उभे राहिल्यास अशा रुग्णाचा तोल सहज जातो.

याहून लक्षणीय परिणाम मांडीच्या पुढील स्नायूंवर होतो. सांध्यात पाणी साचून सूज आली की मज्जारज्जूच या स्नायूंना जाणारे संदेश रोखून धरतो. निरोगी व्यक्तींच्या गुडघ्यात थोडे क्षारजल सोडून केलेल्या प्रयोगांत, वेदना नसतानाही हे स्नायू मंदावल्याचे आढळले. म्हणजे स्नायू शाबूत असतो, त्याची मज्जाही शाबूत असते. आज्ञाच पुरेशी पोहोचत नाही. रुग्ण व्यायामात अंग चोरतो, हा घरच्यांचा आरोप त्यामुळे पुष्कळदा अन्यायाचा ठरतो. काहींमध्ये धडधाकट पायही काहीसा दुबळा होतो. म्हणूनच सूज उतरविण्यासाठी बर्फाचा शेक, स्नायूंना विद्युत उत्तेजन आणि तोल सावरण्याचे व्यायाम यांवर भर दिला जातो. खेळाडूंना साधारणतः नऊ महिन्यांपूर्वी मैदानावर उतरू न देण्याचा सल्ला दिला जातो.

प्रत्यक्ष मज्जातंतूला इजा होणे तुलनेने विरळ असते. मात्र एकाच वेळी अनेक अस्थिबंध तुटून गुडघा निखळल्यास, पायाच्या बाहेरील अंगाने नळीच्या बारीक हाडाला वळसा घालणारी मज्जा ताणली जाते. तेव्हा पाऊल वर उचलता येत नाही व चालताना बोटे जमिनीवर घासतात. पंतचा गुडघा निखळला होता. मज्जातंतूस इजा झाली असती तर पाय गमावण्याची शक्यता होती, असे त्याने नंतर मुलाखतीत सांगितले.