जुना दगड, नवे घर

जुने घर उतरवताना आम्ही कौले, वासे, सागाची तुळई, दाराची चौकट निगुतीने बाजूला काढतो आणि नव्या घराला लावतो. पैसा वाचतो, शिवाय वडीलधाऱ्यांचा हात त्या लाकडावर राहतो. ही रीत आजची नाही. तैमूरच्या 1398 च्या स्वारीनंतर ओस पडत गेलेल्या फिरोजाबादचा दगड 1639 पासून उभ्या राहिलेल्या शाहजहानच्या दिल्लीत वापरला गेला. त्या दगडाला पुन्हा माणसांची सोबत मिळाली. याला आम्ही लूट म्हणणार नाही.

पण अब्दुर्रहीम खानखानाचे काय? 1595 च्या अहमदनगरच्या वेढ्यात चांदबीबीसमोर उभा ठाकलेला हा सरदार दोहे लिहिणारा कवीही होता. दिल्लीत निजामुद्दीनजवळ त्याने पत्नी माहबानूसाठी 1598 मध्ये मकबरा बांधला. 1627 मध्ये त्यालाही तिथेच दफन केले. पुढे अठराव्या शतकात त्या मकबऱ्याचा संगमरवर आणि लाल दगड उचकटून सफदरजंगच्या मकबऱ्याला लावला गेला. एकाची शान वाढवताना दुसरा उघडा पडला. त्याची मोठी डागडुजी पूर्ण व्हायला 2020 साल उजाडले.

पडलेल्या घराचा दगड उचलणे ही कदर. जो हरकत घेऊ शकत नाही त्याच्या उभ्या वास्तूचा दगड काढणे ही चोरी. म्हणून जुन्या बाजारात चौकट घेताना भावाआधी आम्ही विचारले पाहिजे : ही कुणाच्या दाराची, आणि त्याने ती राजीखुशीने दिली का?