हवाईतील फळमाश्यांचा ऱ्हास
प्रशांत महासागरातील हवाई बेटांवर ड्रॉसोफिला, म्हणजे कुजत्या वनस्पतींवर वाढणाऱ्या लहान फळमाशीच्या, शेकडो जाती उत्क्रांत झाल्या आणि त्यांतील बहुतेक जगात अन्यत्र कोठेही आढळत नाहीत. चित्रपंखी, म्हणजे पंखांवर ठळक नक्षी असलेल्या, गटातील अनेक जातींच्या अळ्या ठरावीक स्थानिक झाडांच्या कुजत्या सालीवरच पोसल्या जातात. त्यामुळे १७७८ मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी कुकने शेळ्या आणि १७९३ मध्ये दुसऱ्या ब्रिटिश दर्यावर्दी व्हँकूव्हरने गुरे आणल्यावर ही जनावरे रानात मोकाट वाढून कोवळी रोपे खाऊ-तुडवू लागली, तसा या माश्यांचा आधारच तुटत गेला. परकी तणे, मुंग्या आणि गांधीलमाश्या यांनी हे संकट वाढवले. २००६ मध्ये अमेरिकेने १२ चित्रपंखी जातींना कायद्याचे संरक्षण दिले. परंतु मूळ अरण्य राखल्याखेरीज ते संरक्षण अपुरेच ठरेल.