खर्च कोण करणार? : परदेशी शिक्षणाच्या अर्जाचा इतिहास

परदेशात शिकायला जाऊ इच्छिणाऱ्याचा प्रवेशअर्ज ही वरवर पाहता कारकुनी बाब आहे. नाव, जन्मतारीख, आधीचे शिक्षण, हवा असलेला अभ्यासक्रम असे काही रकाने भरायचे, गुणपत्रिका जोडायच्या आणि उत्तराची वाट पाहायची. या कागदात काही इतिहास आहे असे आपल्या इतिहासकारांना सहसा वाटत नाही. ज्या घरांतली मुले पिढ्यान् पिढ्या हे अर्ज भरीत आली, त्या घरांना ती सवयीची गोष्ट झाली आणि सवयीच्या गोष्टीला कोणी इतिहास म्हणत नाही. परंतु ज्या समाजाच्या मुलांना शाळेत वेगळे बसावे लागले, पाण्यासाठी शिपायाची वाट पाहावी लागली, त्या समाजाच्या दृष्टीने असा एकेक अर्ज म्हणजे दस्तऐवज आहे. तो उलगडून वाचला पाहिजे.

मी तो वाचतो तेव्हा मला त्यात दोनच प्रश्न दिसतात. पहिला : तू काय शिकला आहेस? दुसरा : तुझा खर्च कोण करणार आणि त्याची हमी काय? पहिल्याचे उत्तर विद्यार्थी आपल्या कष्टाने देऊ शकतो. दुसऱ्याचे उत्तर त्याच्या हाती नसते. ते त्याच्या बापाच्या, आजाच्या, पणजोबाच्या हाती असते, आणि आपल्या देशात पणजोबाच्या हाती काय होते हे जातीने ठरविलेले होते. जातीचा रकाना छापलेला नसतानाही जात विचारण्याची ही रीत आहे. मला या लेखात या दुसऱ्या प्रश्नाचाच मागोवा घ्यायचा आहे.

महाराष्ट्रातून परदेशी गेलेल्या विद्यार्थ्यांचा विषय निघाला की आनंदीबाई जोशी यांचे नाव आधी येते, आणि ते यावे हे योग्यच आहे. १८८३ साली अमेरिकेत जाऊन त्यांनी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला आणि १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या. त्यांनाही पैशांची चणचण होती, आणि स्त्री म्हणून त्यांनी जे सोसले त्याला तोड नाही. तरीही दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्यासाठी कसे तयार झाले ते पाहिले पाहिजे. पती पोस्टात नोकरीला होते, त्यांना इंग्रजीत पत्रे लिहिता येत होती, त्यांचे एक पत्र अमेरिकेतील मासिकात छापले गेले आणि ते वाचून न्यू जर्सीतील कार्पेंटरबाईंनी आपले घर उघडून दिले. लेखणी घरात होती म्हणून हाक समुद्रापार गेली. ज्या घरात लेखणीलाच बंदी होती तेथून कोणती हाक जाणार?

आता १९१३ सालाकडे येऊ. बाबासाहेब मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झाले होते. त्या शिक्षणासाठीही कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला होता आणि दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली होती. बी.ए. नंतर ते बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले, आणि थोड्याच दिवसांत, फेब्रुवारी १९१३ मध्ये, सुभेदार रामजी वारले. घरातला कर्ता गेला. अशा वेळी महाराजांनी अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी शिष्यवृत्ती मंजूर केली : दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. ४ जून १९१३ रोजी करारनाम्यावर सही झाली. परत आल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करायची, अशी त्यात अट होती.

सयाजीरावांचे उपकार आपण विसरत नाही, विसरू नयेत. त्या काळात अस्पृश्य मुलाला अमेरिकेला पाठविणारा दुसरा राजा शोधून सापडणार नाही. परंतु इतिहासाचे काम कृतज्ञतेवर संपत नाही. या करारनाम्याचा अर्थ असा की दुसऱ्या रकान्यात बाबासाहेबांकडे लिहायला घर, जमीन, ठेव असे काहीही नव्हते. म्हणून त्यांनी तेथे स्वतःच्या आयुष्याची दहा वर्षे लिहिली. सावकाराकडे माणूस दागिना ठेवतो. दागिना नसेल तर स्वतःला ठेवतो.

कोलंबियात त्यांनी पहिल्या प्रश्नाचे उत्तर कसे दिले हे सर्वांना ठाऊक आहे. १९१५ साली एम.ए., मे १९१६ मध्ये भारतातील जातींवरचा निबंध, त्याच वर्षी डॉक्टरेटचा प्रबंध. मग १९१६ च्या ऑक्टोबरात लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्रवेश आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये नाव. अर्थशास्त्राच्या त्या संस्थेची फी होती दहा पौंड दहा शिलिंग. विद्वत्ता कमी पडली नाही, मुदत संपली. शिष्यवृत्ती संपल्याने बडोद्याने परत बोलाविले आणि १९१७ साली अभ्यास अर्धा टाकून त्यांना निघावे लागले. प्राध्यापक कॅनन यांच्या शिफारशीने लंडन विद्यापीठाने मात्र चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची सवलत दिली.

येथे जरा थांबून विचार करण्यासारखे आहे. परक्या देशातले विद्यापीठ म्हणते, चार वर्षांत केव्हाही या, तुमची जागा आहे. स्वदेशातल्या बडोद्यात त्याच माणसाला राहायला खोली मिळत नाही, कचेरीतला शिपाई फायली लांबून टाकतो, आणि पारशी खानावळीतून लाठ्या घेऊन आलेला जमाव त्याला बाहेर काढतो. ज्या दहा वर्षांचा करार होता ती पुरी करणे त्याच समाजाने अशक्य करून टाकले. हमी मागणारी व्यवस्थाच हमी पाळू देत नाही, याहून स्पष्ट उदाहरण कोठे सापडेल?

पुढचा अर्ज १९२० चा. या वेळी राजाचा करार नव्हता. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पोटाला चिमटा घेऊन साठविलेले पैसे, छत्रपती शाहू महाराजांची मदत आणि पारशी मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले पाच हजारांचे कर्ज, एवढ्या शिदोरीवर बाबासाहेब पुन्हा लंडनला गेले. कोलंबियाच्या सेलिग्मन यांनी प्राध्यापक फॉक्सवेल यांना शिफारसपत्र लिहिले. म्हणजे पहिल्या प्रश्नाचे उत्तर आता जगातले नामांकित अर्थशास्त्रज्ञ देत होते. दुसऱ्याचे उत्तर तरीही एका मित्राच्या भल्या स्वभावावर टेकलेले होते. १९२१ साली लंडनहून शाहू महाराजांना पत्र लिहून दोनशे पौंड उसने मागावे लागले, हे आपल्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावे. त्याच वर्षी त्यांनी जर्मनीतील बॉन विद्यापीठातही प्रवेश मागितला. स्वतःच्या हाताने जर्मन भाषेत लिहिलेला तो मजकूर त्या विद्यापीठाच्या दप्तरात आजही आहे. नाव नोंदले गेले, पण लंडनच्या अभ्यासापायी तेथे हजर राहता आले नाही. १९२१ साली एम.एस्सी. आणि १९२३ साली डी.एस्सी. ही त्या उसनवारीची परतफेड होती.

या अनुभवातून बाबासाहेबांनी काय शिकावे? एखादा दुसरा माणूस म्हणाला असता, मी सोसले तसे इतरांनीही सोसावे. त्यांनी उलटा विचार केला. २९ ऑक्टोबर १९४२ रोजी, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे मजूरमंत्री असताना, त्यांनी लॉर्ड लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले. त्यात विज्ञान व तंत्रशिक्षण घेणाऱ्या अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी देशात दरवर्षी दोन लाख आणि परदेशी शिक्षणासाठी दरवर्षी एक लाख रुपये सरकारने द्यावेत, अशी मागणी होती. एवढेच नव्हे, सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत आमची मुले उमेदवार म्हणून घ्या, असेही त्यात मागितले होते. डॉक्टरेट घेतलेल्या माणसाला हातातल्या हुन्नराचे मोल कळत होते. मला हे निवेदन फार महत्त्वाचे वाटते. १९१३ साली जे राजाच्या मर्जीवर होते ते १९४२ साली नागरिकाचे मागणे झाले. दुसऱ्या रकान्यात आता 'शासन' हा शब्द लिहिता येणार होता. पुढे १९५४-५५ साली केंद्र सरकारची परदेशी शिष्यवृत्ती योजना सुरू झाली आणि २००३ साली महाराष्ट्राने राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने आपली योजना काढली.

ही झाली आपली बाजू. जेथे अर्ज जातो त्या देशातही या काळात बदल झाला, तोही पाहिला पाहिजे. मी ब्रिटनचेच उदाहरण घेतो. तेथे विद्यापीठाखेरीज फर्दर एज्युकेशन कॉलेज नावाची एक संस्था असते. आपल्याकडची आयटीआय, ज्युनियर कॉलेज आणि रात्रशाळा एकत्र केली तर जे होईल तसे तिचे स्वरूप. शाळा सुटलेली कामकऱ्यांची मुले तेथे वीजकाम, नळकाम, गवंडीकाम, स्वयंपाक, हिशेब शिकतात. १९४४ च्या शिक्षण कायद्याने असे शिक्षण पुरविण्याची जबाबदारी तेथील स्थानिक संस्थांवर टाकली. साम्राज्यातून आणि नंतर स्वतंत्र झालेल्या देशांतून येणाऱ्यांनाही स्थानिक मुलांइतकीच फी भरून शिकता येत असे.

१९६७ साली ही समानता मोडली. परदेशी विद्यार्थ्यांची विद्यापीठातली फी सत्तर पौंडांच्या जागी अडीचशे पौंड ठरविण्यात आली. १९७९ साली थॅचरबाईंचे सरकार आले आणि १९८० पासून नव्या परदेशी विद्यार्थ्याने शिक्षणाचा पुरा खर्च भरावा असे ठरले. ज्या देशाने दीडशे वर्षे आमच्या मजुरांच्या घामावर आपली तिजोरी भरली, त्याला आमच्या मुलांचा खर्च अवजड वाटू लागला. त्यानंतर २००९ साली गुण मोजून व्हिसा देण्याची पद्धत आली. २०१५ साली फर्दर एज्युकेशन कॉलेजात शिकणाऱ्या युरोपबाहेरच्या विद्यार्थ्याचा शिकता शिकता काम करण्याचा हक्क काढून घेण्यात आला. विद्यापीठातल्या विद्यार्थ्याचा मात्र राहू दिला. श्रमाचे शिक्षण घेणाऱ्यालाच श्रम करून पोट भरण्याची बंदी! वर्णव्यवस्था केवळ आपल्याच देशात असते असे समजण्याचे कारण नाही.

आज अशा कॉलेजात जायचे तर अर्जाचा पहिला भाग सोपा असतो. गुणपत्रिका, इंग्रजीची परीक्षा, हा अभ्यासक्रम का हवा याविषयी एक पानभर मजकूर. कॉलेजने प्रवेश दिला, त्याचे प्रमाणपत्र आले, की व्हिसाचा अर्ज. त्यात फी आणि राहण्याच्या खर्चाएवढी रक्कम खात्यात सलग अठ्ठावीस दिवस असल्याचे दाखवावे लागते. माझा एक विद्यार्थी, सफाई कामगाराचा मुलगा, आयटीआय करून अशा कॉलेजच्या दारापर्यंत पोहोचला होता. बापाने भविष्यनिर्वाह निधी काढून पैसे खात्यात ठेवले. त्या अठ्ठावीस दिवसांत आई दवाखान्यात भरती झाली. खात्यात पैसे होते आणि औषधासाठी हे कुटुंब शेजाऱ्यांकडे हात पसरीत होते, कारण खात्यातला पैसा हलला असता तर पोराचा अर्ज बाद झाला असता. ज्याच्या घरात पैसा पडून असतो त्याला अठ्ठावीस दिवस म्हणजे काहीच नाही. ज्याच्या घरी पैसा येतो आणि संध्याकाळपर्यंत खर्च होतो, त्याच्यासाठी ते अठ्ठावीस दिवस म्हणजे समुद्र ओलांडण्यासारखेच आहे.

मग शासनाच्या योजना कोठे आहेत? केंद्राची परदेशी शिष्यवृत्ती पदव्युत्तर शिक्षण आणि पीएच.डी. यांच्यासाठी आहे. हुन्नर शिकायला निघालेला मुलगा तिच्या कक्षेत येत नाही. बँक मोठ्या कर्जासाठी तारण मागते. छापखान्यातल्या उमेदवारासाठीही भांडणाऱ्या बाबासाहेबांच्या निवेदनातला एक अर्धा भाग आपणच विसरलो आहोत. आणि उरलेल्या अर्ध्याचे काय झाले? २०२२ साली केंद्राच्या योजनेत अट घालण्यात आली की भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास या विषयांसाठी शिष्यवृत्ती मिळणार नाही. ही अट १९१३ साली असती तर जातींवरचा तो निबंध लिहिणारा विद्यार्थी कोलंबियात पोहोचलाच नसता. सयाजीरावांनी दहा वर्षांची नोकरी मागितली होती. काय विचार करायचा हे त्यांनी ठरवून दिले नव्हते. लोकशाही शासनाने राजापेक्षा अधिक मागावे, याला काय म्हणावे?

माझे म्हणणे थोडक्यात असे. आपण परदेशी गेलेल्या आपल्या मुलांचे सत्कार करतो, त्यांचे फोटो वस्तीत लावतो, ते करावे. परंतु प्रत्येक सत्काराबरोबर त्या मुलाच्या अर्जातला दुसरा रकाना कोणी भरला हेही लिहून ठेवावे. कोणाची शेती गेली, कोणाच्या बहिणीचे शिक्षण थांबले, कोणत्या मित्राने कर्ज दिले, कोणत्या कचेरीने आदेश किती महिने अडवून ठेवला. हा आपल्या शिक्षणाचा खरा जमाखर्च आहे आणि तो दुसरे कोणी लिहिणार नाही. शिक्षकांनी आपल्या विद्यार्थ्यांचे असे वृत्तांत गोळा करावेत, कार्यकर्त्यांनी ते हाती घेऊन शासनापुढे उभे राहावे. मागण्या सरळ आहेत : शिष्यवृत्तीवर विषयाचे बंधन नको, हुन्नराच्या शिक्षणालाही ती मिळावी, आणि मंजुरीचा कागद प्रवेशाच्या मुदतीआधी विद्यार्थ्याच्या हाती पडावा. १९४२ च्या निवेदनात याचा पाया घातलेला आहे. त्यावर भिंत उभारण्याचे काम अजून शिल्लक आहे.